सात किलोवॉटचा फरक

१

मी भट्टीवर कामाला आहे असं सांगितलं, की अनोळखी माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग चोरून वास घेतो. आमची भट्टी दारूची नाही, अणूची आहे, हे समजावण्याचा आता कंटाळा आलाय. मीही हसून सोडून देते.

गावाबाहेरच्या माळावर तारेचं कुंपण आहे. आत काँक्रीटचा ओटा, आणि ओट्याखाली विहिरीसारखा खोल खड्डा. त्यात ती बसवली आहे. इंधन एकदाच भरलंय, दहा वर्षं झाकण उघडायचं नाही. ना धूर, ना राख. ओट्याशेजारच्या पोलादी पेटीत वीज करणारं यंत्र फिरतं, त्याचा कानाशी डास असावा तसा एक सूर कायम लागलेला असतो. त्याला लागून पॅनेलची खोली. एक टेबल, एक खुर्ची, एक फोन, उत्तरेला खिडकी, भिंतभर पॅनेल. मागच्या भिंतीला एक लोखंडी दार. दारामागे खाली उतरणारा जिना आहे, पण तो मी पाहिलेला नाही. भट्टी सुरू झाली त्या दिवशीच दाराला सील लागलं. दारात तळहाताएवढी जाड काच आहे आणि काचेमागे अंधार.

माझं काम सोपं आहे. सकाळी आठला आणि दुपारी चारला चार काटे वाचायचे. उष्णता, दाब, गावाला जाणारी वीज, आणि यंत्राचा स्वतःचा वापर. मग कुंपणाला फेरी मारायची, चार खांबांवरचे किरणोत्सार मोजणारे मीटर बघायचे, वहीत लिहायचं आणि फोनवर सांगायचं. फोनवर नेहमी एकच साहेब असतात. तीन वर्षांत मी त्यांना पाहिलेलं नाही. मी आकडा सांगितला की ते म्हणतात, "बरं. पुढचा." चौथ्यानंतर म्हणतात, "ठीक," आणि ठेवून देतात.

घरी मी आणि बाबा, दोघंच. बाबांनी एकतीस वर्षं गावाचा डिझेल जनरेटर चालवला. त्या धुराने त्यांची छाती कायमची खाल्ली. आता रात्रभर आणि दुपारी जेवण झाल्यावर दोन तास त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते मशीन भट्टीच्या विजेवर चालतं. पूर्वीसारखी तासातासाला लाईट जात असती, तर बाबा आज नसते. हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. म्हणून ते भट्टीला नावं ठेवत नाहीत, फक्त तिच्याबद्दल फार बोलत नाहीत.

एक गोष्ट मात्र ते रोज करायचे. मी साडेचारला घरी आले की मला थांबवायचे आणि चारचा आकडा ओळखून दाखवायचे. गिरणी चालू, शीतगृहाचे दोन पंप चालू, शाळा सुटली, दवाखान्याचा फ्रीज आहेच, असं बोटांवर मोजत जायचे आणि म्हणायचे, एकशे चाळीस. असायचे एकशे एकेचाळीस. जनरेटरच्या आवाजावरून कुणाच्या घरी इस्त्री लागली ते ओळखणारा माणूस. त्यांचा अंदाज दोनच्या वर कधी चुकला नाही.

२

मग एक दिवस तो सातने चुकला.

बाबा हसले, म्हातारा झालो म्हणाले. दुसऱ्या दिवशीही सातच. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद घेऊन घराघरांचा हिशोब मांडला, कुणी नवीन काही घेतलंय का ते मला विचारलं, आणि पुन्हा सातने चुकले. त्या संध्याकाळी ते नीट जेवले नाहीत. झोपायच्या आधी, नळी नाकाशी लावता लावता म्हणाले, "कोणीतरी आकडा टाकलाय."

चोरून वीज घेणं आमच्या गावाला नवीन नाही. जनरेटरच्या काळात बाबांनी असे कितीतरी आकडे काठीने उतरवले होते. आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर निघालो. पुढे मी, मागे बाबा, त्यांच्या मांडीवर दवाखान्यातल्या सिस्टरने दिलेलं लहान सिलिंडर. भट्टीवरून गावात येणाऱ्या पाचही लाईन आम्ही खांब न खांब बघितल्या. तारेला चिमट्यासारखा धरायचा मीटर लावून प्रत्येक फांदी मोजली. गिरणीवाल्याच्या मागच्या अंगणातही शिरलो. तेव्हापासून तो मला बघून मान वळवतो. शिंप्याने तर सरळ विचारलं, आमच्यावर संशय घ्यायचं काही कारण.

चोरी सापडली नाही. सगळ्या लाईनची बेरीज बाबांच्या अंदाजाएवढीच आली. सात किलोवॉट गावात पोचतच नव्हते. पॅनेलमधून निघत होते आणि कुठे जात होते ते कळत नव्हतं.

३

पॅनेल रोज दिवसभराची एक कागदी पट्टी छापतं. मी आठवड्याच्या पट्ट्या घरी आणल्या. बाबांनी चष्मा पुसला, आणि प्रत्येक अर्ध्या तासाच्या आकड्यातून गावाचा वापर वजा करत बसले. उरलेला फरक मी वेगळ्या कागदावर उतरवला. रेघ जोडली तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय.

फरक सारखा नव्हता. पहाटे पावणेसहाला थोडा वर यायचा. साडेसातला भरपूर. नऊनंतर खाली. दुपारी बाराला पुन्हा एक उंचवटा, दोन ते चार अगदी मंद, दिवेलागणीला सगळ्यात जास्त. साडेदहाला जवळजवळ काही नाही. आठवडाभर हेच, फक्त एका दिवशी सकाळची चढण तासभर उशिरा होती. तो सुट्टीचा दिवस होता.

गळती असती तर ती दिवसरात्र सारखी राहिली असती. मीटर बिघडला असता तर काटा वेडावाकडा फिरला असता. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठणारा बिघाड मी ऐकलेला नाही.

बाबांनी कागद दूर धरला, जवळ धरला. 

"हा चोर नाही गं," ते म्हणाले. "हा संसार आहे. आठदहा घरांचा."

४

मी फोनवर साहेबांना सांगितलं. ते नेहमीसारखे "बरं, पुढचा" म्हणाले नाहीत. थोडं थांबून त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून. मी सांगितलं. मग म्हणाले, तो यंत्राचाच वापर समजा. यंत्राच्या वापराचा वेगळा काटा आहे आणि तो नऊवर स्थिर आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी शांतपणे सुचवलं की इथून पुढे फरक चौथ्या काट्यात मिळवून एकच आकडा लिहावा.

वीज कुठे जाते, हे त्यांनी विचारलं नाही. मला तेच खटकलं. ज्याला आश्चर्य वाटत नाही त्याला काहीतरी माहीत असतं.

मी आकडा मिळवून लिहू लागले. सातचे अकरा झाले, महिन्याभरात एकोणीस. आणि माझा संशय भरकटायला लागला. साहेबांवर होताच. मग वाटलं, भट्टी चालवणाऱ्या कंपनीने लपवून दुसरं काहीतरी चालवलंय. मग, हे लिहायला लाज वाटते, पण बाबांवर आला. एकतीस वर्षांचं काम हातातून गेलेला माणूस. नवं यंत्र खोटं पाडण्यासाठी त्यांनीच कुठे तार जोडली नसेल? एका दुपारी ते नळी लावून झोपले असताना मी त्यांची हत्यारांची पेटी उपसली. पक्कड, टेस्टर, चिकटपट्ट्या, एक लांब स्क्रूड्रायव्हर. सगळ्यांवर गंज. वर बघितलं तर बाबांचे डोळे उघडे होते.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मलाही तुझाच संशय आला होता."

५

वर्षातून एकदा लाईनवरच्या, तार खांबापासून अलग धरणाऱ्या चिनीमातीच्या चिमण्या पुसायला तासभर वीज बंद ठेवायची परवानगी असते. मी आदल्या दिवशी गावात सांगून आले. दवाखान्यात सिस्टरने फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या भरून ठेवल्या. ती माझ्या वर्गातली, तिच्याशी मी काही लपवत नाही, पण या वेळी लपवलं. बाबा माझ्याबरोबर आले. सिलिंडर खुर्चीशेजारी ठेवून पॅनेलसमोर बसले.

बरोबर बाराला मी एकेक खटका खाली ओढला. पहिली लाईन, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. लांब गावातून गिरणीचा आवाज थांबला. गावाला आता काहीच जात नव्हतं. तिसरा काटा शून्यावर यायला हवा होता.

तो तेवीसवर उभा होता.

आम्ही बघत असताना तो चोवीस झाला.

बाबा उठले. पिशवीतून त्यांनी तो लांब स्क्रूड्रायव्हर काढला. जुने मिस्त्री इंजिनाची दुखणी अशी ऐकतात. टोक लोखंडाला टेकवायचं आणि मूठ कानाला. त्यांनी पॅनेलला लावला, पाइपाला लावला, मान हलवली. मग मागच्या लोखंडी दाराला लावला आणि तिथेच थांबले. त्यांच्या नाकाजवळची नळी निसटून गळ्यात आली तरी त्यांना कळलं नाही.

मी नळी नीट केली. त्यांनी मूठ माझ्या कानाशी धरली.

आधी नुसता पोकळ आवाज. मग पाणी. भरत आलेल्या भांड्यात धार पडते तेव्हा आवाज जसा बारीक होत जातो, तसा. भांड्यावर भांडं. खुर्ची ओढली. कोणीतरी खोकलं. त्याच्याही मागे सपाट आवाजात एक माणूस सतत काहीतरी सांगत होता, बातम्या लागाव्यात तसा, पण एकही शब्द पकडता येत नव्हता.

मी स्वतःला समजावलं की जमिनीतून आवाज लांबवर जातो, पाइप तो धरून आणतो, हे गावाचेच आवाज असणार. पण गाव एक किलोमीटर लांब होतं.

"जेवायची वेळ आहे," बाबा हळू आवाजात म्हणाले.

६

पॅनेलच्या खालच्या भागाला एक पत्रा आहे. तो उघडायचं मला कधी काम पडलं नव्हतं. त्या दिवशी मी चारही स्क्रू काढले. आत सहावा खटका होता. वरच्या पाचांसारखाच, त्याच बनावटीचा, फक्त त्याच्याखाली नाव नव्हतं. त्यातून निघालेली काळी केबल सरळ फरशीत गेली होती. खटक्याच्या मुठीवर धूळ नव्हती.

मी हात घातला तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "कोणाची का असेना, सांगितल्याशिवाय घालवू नये."

मी ऐकलं नाही. इतके दिवस साचलेला संशय होता, तो बोटांत उतरला होता. मी खटका ओढला.

काटा धाडकन शून्यावर आला. शेजारच्या पेटीतला डासासारखा सूर खाली उतरत गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती खोली इतकी शांत होती, आणि त्या शांततेत फरशीखालून एक आवाज वर आला. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वस्तीतली लाईट गेली की प्रत्येक घरातून एकदम जो निघतो, मोठ्यांचा वैतागलेला आणि पोरांचा उगाच खूश झालेला. खूप खालून, खूप तोंडांतून आला.

गेली.

मी खटक्यावरचा हात काढून घेतला. बाबा मात्र ताठ बसले होते. मला म्हणाले, आता कोणीतरी येईल. जनरेटर बंद पडला की पाच मिनिटांत एक माणूस शेडवर हजर असायचा. काय झालं, किती वेळ लागेल, एवढंच विचारायला. कोणाला ना कोणाला पाठवतातच. मी खटका परत वर करायला हवा होता. मी नुसती दाराकडे बघत राहिले.

पावलं ऐकायला आता स्क्रूड्रायव्हरची गरज नव्हती. चपला घातलेली, घाई नसलेली पावलं लोखंडी पायऱ्यांवरून वर येत होती. मध्येच थांबली. दमलेला माणूस वळणावर थांबतो तितकी. मग पुन्हा चढू लागली. दारामागे येऊन थांबली. नखाने लोखंडावर दोनदा टकटक झाली. दरडावून नाही. आत कोणी आहे का, अशी.

खिडकीतून दुपारचा उजेड आत आला होता. काचेतून पलीकडचं बघताना माणूस काचेला हात लावून आडोसा करतो, तसा एक हात पलीकडून काचेला लागला. हाताच्या मागे कपाळाचा थोडा भाग. काचेवर, त्या बाजूने, श्वासाचं वर्तुळ धरलं आणि विरलं, पुन्हा धरलं. हात साधा होता. बाईचा असावा. बोटांना पीठ लागलेलं होतं.

बाबा उठले. माझ्या अंगावरून वाकून त्यांनी खटका वर केला आणि दाराकडे तोंड करून, एकतीस वर्षं ज्या सुरात बोलत आले त्याच सुरात म्हणाले, "आली, आली. जा घरी."

काचेमागे उजेड झाला. हात बाजूला झाला होता, म्हणून मला त्या उजेडात जिना दिसला. एक दिवा. खाली जाणाऱ्या पायऱ्या. आणि खालच्या वळणावर माणसं, वर बघत उभी. कडेवर पोरं, एकाच्या हातात ताट. फार नव्हती, किंवा वळणाच्या पलीकडे किती होती ते मला दिसलं नाही. त्यांच्या चेहऱ्यांबद्दल मला कोणी विचारलं तर मी सांगणार नाही. लाईट आल्यावर माणसं जशी काही न बोलता पांगतात, तशी ती वळली आणि उतरली. मग कोणीतरी जिन्यातला दिवा मालवला आणि काचेमागे पुन्हा अंधार झाला.

बाबा म्हणाले, गावची पण सोड आता, एक वाजायला आला.

७

मी सील तपासलं. जसंच्या तसं. खांबांवरचे मीटर तीन वेळा वाचले, तेही रोजच्यासारखे. काहीतरी कारण सांगून सिस्टरकडून आम्हा दोघांचं रक्त तपासून घेतलं. बाबांचं हिमोग्लोबिन थोडं कमी, बाकी काही नाही. तपासायला मला एवढंच सुचलं. सगळं ठीक निघालं, की माणसाने पुढे कोणाकडे जायचं असतं?

बाबांनी चारचा आकडा विचारणं सोडलं. मीही सांगत नाही. पण लिहिते मीच, त्यामुळे मला माहीत आहे. चोवीसचे चाळीस झाले, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकशे दहा. शीतगृहाचा तिसरा पंप लागला की भट्टी पुरणार नाही, हे शाळेतलं मूलही सांगेल.

आज चारला आकडे सांगून झाल्यावर साहेबांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, सोमवारपासून रोज दोन तास कपात करावी लागेल, कागद घ्या.

मी म्हटलं, मी सहावी लाईन बंद करते. सहाव्या लाईनबद्दल मी त्यांच्याशी याआधी एक अक्षर बोलले नव्हते. ते विचारतील, कुठली सहावी, असं वाटून मी थांबले. त्यांनी विचारलं नाही.

"तिला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "वरच्या वस्तीची घालवा. दुपारी दोन ते चार."

वरची वस्ती कुठली ते कळायला मला एक क्षण लागला. आमच्या गावाला आजवर कोणी वरचं म्हटलेलं नाही. मी त्यांना सांगितलं की माझे वडील मशीनवर आहेत आणि नेमके तेच दोन तास आहेत.  मग ते बोलले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला तो माणसाचा आवाज वाटला. थकलेला, घाबरलेला माणूस.

"मला कळतं, ताई. पण तुमच्याकडे एकटीच आली होती. इथे जिना भरलाय."

त्यांनी फोन ठेवायच्या आधी त्यांच्या खोलीत, त्यांच्या मागे कुठेतरी, लोखंडावर नखं वाजत होती. दोनदा आणि थांबून पुन्हा दोनदा नाही. पाऊस पडावा तशी.

मी सोमवारपासूनचं वेळापत्रक लिहिलं. पाचही लाईन, दोन ते चार. खाली सही केली. मग स्कूटर काढून दवाखान्यात गेले आणि सिस्टरला म्हटलं, बाबांसाठी रोज एक सिलिंडर बाजूला काढून ठेव. तिने वेळापत्रक वाचलं. तीन वर्षांत एकदाही कपात झाली नव्हती, तिने विचारणं साहजिक होतं. भट्टी बिघडली का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. वापर वाढलाय, नवी घरं झालीत.

तिने मान डोलावली आणि रजिस्टर ओढून सिलिंडरची नोंद करू लागली. अर्ध्यावर तिचा हात थांबला. खिडकीतून सगळा माळ दिसतो, कुंपणापर्यंत आणि कुंपणाच्या पलीकडेही. तिने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला.

"कुठे?" तिने विचारलं.